पिकअप ट्रकवरच्या कॅम्परला मागचा कॅमेरा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही कोलोरॅडोत राहतो. पिकअप ट्रकच्या हौद्यात चढवायचा आणि सहल संपली की उतरवून पायांवर उभा करायचा, असा कॅम्पर आमच्याकडे आहे. त्याला मागचा कॅमेरा लावताना झालेल्या चुका निस्तरण्यात आमचे दोन उन्हाळे गेले. ओळखीतलं कुणी मराठी कुटुंब कॅम्पर घेतं तेव्हा हेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं सविस्तर लिहून ठेवली आहेत. मोटारीला कॅमेरा लावणं आणि कॅम्परला लावणं यात एक मोठा फरक आहे. इथे डोळा एका वाहनावर असतो, पडदा दुसऱ्या वाहनात, आणि ही दोन वाहनं दर सहलीनंतर एकमेकांपासून सुटी होतात. बहुतेक अडचणी त्या सांध्यातच निघतात.

ट्रकला कंपनीचा कॅमेरा आहेच. मग वेगळा कशाला?

बहुतेक पिकअप ट्रकांत कंपनीचा कॅमेरा टेलगेटच्या हँडलपाशी असतो. टेलगेट म्हणजे आपल्याकडच्या टेम्पोचा फाळका. कॅम्परचा मागचा भाग हौद्याबाहेर येतो, त्यामुळे फाळका काढून घरी ठेवावा लागतो आणि कॅमेराही त्याच्याबरोबर घरीच राहतो. केबिनमधल्या आरशात तेव्हा फक्त कॅम्परची पुढची भिंत दिसते. बाजूचे आरसे बाजू दाखवतात, पण कॅम्परच्या बरोबर पाठीमागे काय आहे ते त्यांतून कधीच दिसत नाही. तिथे सायकलवरचं पोर असेल, लोखंडी शेगडी असेल किंवा पाण्याच्या नळाचा खांब.

पार्किंग सेन्सर पुरणार नाहीत का?

नाही, उलट फसवतील. ते ट्रकच्या बंपरमध्ये असतात आणि अंतर बंपरपासून मोजतात. कॅम्पर बंपरच्या दोन-तीन फूट मागे गेला असेल, तर सेन्सर अजून निवांतपणे टिकटिकत असताना कॅम्परची भिंत झाडाला टेकलेली असते. शिवाय कॅम्परची शिडी किंवा पायऱ्या समोर आल्या, तर रिव्हर्समध्ये आपोआप ब्रेक मारणारी यंत्रणा उगाच ब्रेक मारते. कॅम्पर चढवल्यावर ती बंद करता येते का, हे ट्रकच्या पुस्तिकेत आधी बघून घ्या.

अमेरिकेत मागचा कॅमेरा सक्तीचा आहे ना?

१ मे २०१८ पासून बनलेल्या नव्या गाड्यांना आहे, पण एकूण अनुज्ञेय वजन १०,००० पौंड किंवा त्याहून कमी असलेल्यांनाच. मोठे कॅम्पर वाहणारे, इथे 'एक टनी' वर्गातले म्हणवले जाणारे ट्रक, विशेषतः मागे चार चाकं असलेले, बहुतेक वेळा या मर्यादेच्या वर जातात. त्यामुळे वापरलेला मोठा ट्रक घेताना त्यात कॅमेरा असेलच असं धरून चालू नका.

या नियमामागची हकिकत माहीत असावी. २००२ मध्ये न्यूयॉर्क राज्यात कॅमेरॉन गुलब्रान्सन हा दोन वर्षांचा मुलगा घरासमोरच वडील मागे घेत असलेल्या गाडीखाली सापडला. वडिलांना तो दिसूच शकला नाही. त्याच्या नावाचा कायदा २००८ मध्ये झाला, सविस्तर नियम २०१४ मध्ये आले. गाडीच्या मागचा १० फूट रुंद आणि २० फूट लांब पट्टा पडद्यावर दिसला पाहिजे आणि रिव्हर्स टाकल्यापासून २ सेकंदांत चित्र आलं पाहिजे, असं तो नियम सांगतो. तुम्ही स्वतः लावलेल्या कॅमेऱ्याला हा नियम लागू नाही. तरी आम्ही तोच मापदंड धरला. अंगणात खडूने १० बाय २० चा चौकोन आखला, त्यात मुलांची बादली ठेवून ती हलवत गेलो, आणि ती सगळीकडे दिसेपर्यंत कॅमेऱ्याचा कोन बदलत राहिलो. सगळ्या कामात एवढी एकच गोष्ट करायला वेळ असेल तर ही करा.

फाळक्यातला कॅमेरा काढून कॅम्परवर लावता येईल का?

काही ट्रकांसाठी तशी लांब केबल तयार मिळते. एक टोक ट्रकच्या मूळ प्लगमध्ये जातं, दुसऱ्या टोकाला कॅमेरा लागतो आणि चित्र ट्रकच्या स्वतःच्या पडद्यावर येतं. हा फार सुटसुटीत मार्ग आहे, कारण डॅशबोर्डवर नवा पडदा लागत नाही. मात्र तुमच्याच मॉडेलची आणि तुमच्याच सालाची केबल हवी. नव्या ट्रकांतले बरेचसे कॅमेरे डिजिटल संकेत पाठवतात. त्यांना बाजारातला साधा कॅमेरा चालत नाही, आणि मधली वायर कापून लांबवली की चित्रच जातं.

दुसरी मर्यादा अशी की बहुतेक ट्रकांत कंपनीचा पडदा मागचं चित्र रिव्हर्समध्येच दाखवतो. महामार्गावर मागून काय येतंय हे सतत बघायचं असेल तर स्वतंत्र कॅमेरा आणि स्वतंत्र पडदा लागतो. आम्ही तोच मार्ग घेतला आणि पुन्हा करायची वेळ आली तरी तोच घेऊ. इतक्या रुंद डब्यामागे बिलगून चाललेली मोटार आरशांत दिसतच नाही.

कोणताही मार्ग घ्या, फाळका काढल्यावर ट्रकच्या बाजूचा उघडा प्लग टोपण लावून बंद करा. तिथे मीठ आणि पाणी शिरलं तर फाळका परत लावल्यावर कॅमेरा चालणार नाही.

वायरचा घ्यावा की बिनतारी?

आमचं मत वायरच्या बाजूने आहे. बिनतारी कॅमेरा सोपा वाटतो, पण त्यालाही वीज लागतेच, म्हणजे मागे एक वायर न्यावी लागते ती लागतेच. वाचते फक्त चित्राची केबल. जुन्या अॅनालॉग बिनतारी संचांत २.४ गिगाहर्ट्झवरच्या वायफायमुळे चित्रात बर्फ पडल्यासारखे ठिपके येतात. नवे डिजिटल संच पुष्कळ चांगले आहेत. तरी त्यांचा संदेश कॅम्परच्या पत्र्यातून, फ्रिजमधून, पाण्याच्या टाकीतून आणि ट्रकच्या केबिनमधून यायचा असतो, आणि चित्र किंचित उशिरा पोहोचतं. चालण्याच्या वेगाने मागे जाताना ०.२ सेकंदांचा उशीर म्हणजे जवळजवळ एक फूट. झाड एक फुटावर असेल तेव्हा हा फूट महाग पडतो.

तरीही दोन परिस्थितींत आम्ही बिनतारी घ्या म्हणू. कॅम्पर भाड्याचा असेल तर, किंवा केबल न्यायला भिंती उघडाव्या लागणार असतील तर. मग अँटेना असलेला डिजिटल संच घ्या आणि घेतल्या घेतल्या, परत करायची मुदत असतानाच, कॅम्पर चढवून प्रत्यक्ष अंतरावर तपासा.

कॅमेरा नेमका कुठे बसवायचा?

वर, मध्यभागी, छताच्या कडेखाली. बंपरजवळ बसवलेला कॅमेरा जवळचं छान दाखवतो, पण पंधरा मैल कच्च्या रस्त्याने गेलात की त्याच्यावर धुळीचा थर बसतो. डब्यासारख्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि चाकांनी उडवलेली धूळ त्या पोकळीत खेचली जाते. यूटातल्या मोआबच्या आसपास आम्ही हे पहिल्याच दिवशी शिकलो. उंचावर धूळ कमी पोहोचते.

बऱ्याच कॅम्परांचं दार मागेच असतं, त्यामुळे कॅमेरा दाराच्या वर येतो. दार पूर्ण उघडून बघा, ऊन-पावसासाठीचा कापडी छज्जा गुंडाळीतून बाहेर काढून बघा, छतावर चढायच्या शिडीचा पाय चित्रात येतो का तेही बघा.

कोनाचं गणित सोपं आहे. उभ्या दिशेने साधारण ९० अंश बघणारा कॅमेरा ४५ अंश खाली झुकवला, तर चित्राची खालची कड सरळ जमिनीकडे जाते आणि वरची कड क्षितिजाला लागते. खालच्या कडेला कॅम्परचा किंवा बंपरचा चिंचोळा पट्टा दिसेल इतपत झुकवा. तो पट्टा दिसला की आपली गाडी कुठे संपते हे नजरेला कळतं, आणि अंतराचा अंदाज आपोआप येतो. १७० अंश वगैरे आकड्यांना भुलू नका. इतक्या रुंद भिंगात दहा फुटांवरचा माणूस मुंगीएवढा होतो. १२० ते १३० पुरतात.

नवं भोक न पाडता जमेल का?

बऱ्याचदा जमतं. अमेरिकेत ८० इंच किंवा त्याहून रुंद वाहनांना मागे वरच्या बाजूला मधोमध तीन लाल दिवे असावे लागतात. कॅम्परवर ते दिवे असतील तर मधल्या दिव्याचं भोक आणि वायर आयतीच असते. त्या जागी बसणारा, लाल दिवा आणि कॅमेरा एकत्र असलेला नग मिळतो. दिवा काढून नुसता कॅमेरा लावू नका, मधला दिवा नियमाने लागतोच.

फक्त हे लक्षात घ्या की तिथे येणारी वीज दिव्यांची आहे. दिवे लावल्याशिवाय कॅमेरा चालणार नाही. आम्ही दिवसाही दिवे लावूनच चालवतो, त्यामुळे आम्हाला चाललं.

भोक पाडावंच लागलं तर पाणी आत येणार नाही याची खात्री कशी करायची?

हा प्रश्न सगळ्यांत शेवटी विचारला जातो, आणि नुकसान सगळ्यांत जास्त इथेच होतं. आमचा पहिला कॅमेरा आम्ही एका दुकानातून बसवून घेतला होता. त्यांनी भोकाभोवती सिलिकॉन फासलं आणि काम झालं म्हणाले. पुढच्या वसंतात दाराच्या वरची आतली भिंत बोटाने दाबली तर बोट आत गेलं. बर्फ वितळून थेंब थेंब आत मुरत होता आणि लाकडी चौकट कुजली होती. दुरुस्तीला कॅमेऱ्याच्या कितीतरी पट खर्च आला. कॅम्परमध्ये गळती दिसते तेव्हा ती जुनी झालेली असते.

दुसऱ्यांदा आम्ही स्वतः केलं ते असं. आधी आतून भिंत ठोकून मागे लाकूड आहे की पोकळी, आणि वायरी कुठून जातात हे बघितलं. बाहेरून बारीक भोक, मग हवं तेवढं मोठं. भोकाच्या कडांना आणि उघड्या लाकडाला सीलंटचा हात दिला, म्हणजे पाणी पोहोचलंच तरी लाकूड पिणार नाही. कॅमेऱ्याच्या पट्टीखाली ब्यूटाइल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी) लावली आणि स्क्रू हळूहळू, आलटून पालटून आवळले. टेप बाजूने बाहेर फुगली ती दुसऱ्या दिवशी कापून टाकली, पुन्हा एकदा आवळलं आणि वरच्या कडेला व दोन्ही बाजूंना सीलंटची रेघ ओढली. खालची कड मोकळी ठेवली, म्हणजे चुकून आत गेलेल्या पाण्याला बाहेर यायला वाट राहते. वायर भोकात शिरण्याआधी खाली झोल देऊन मग वर घेतली. पाणी झोलाच्या तळाशी गळून पडतं, भोकापर्यंत चढत नाही.

सीलंट घेताना बघून घ्या. आपोआप पसरणारं छतासाठी असतं. उभ्या भिंतीवर ते ओघळतं, तिथे न ओघळणारं लागतं. आणि सिलिकॉन टाळाच. एकदा लावलं की त्यावर पुढे दुसरं काहीच चिकटत नाही, खरवडूनसुद्धा त्याचा अंश राहतो. दरवर्षी हिवाळ्याआधी शिडी लावून ही रेघ तपासायची, तडा दिसला तर त्याच दिवशी भरायचा.

वीज कुठून घ्यायची?

तीन जागा आहेत, आणि निवड तुम्हाला चित्र कधी हवंय यावर ठरते.

फक्त रिव्हर्समध्ये हवं असेल तर रिव्हर्स दिव्याची वायर. ट्रक आणि कॅम्परला जोडणाऱ्या सात पिनांच्या प्लगमध्ये मधली पिन साधारणपणे रिव्हर्स दिव्याची असते. पण बऱ्याच कॅम्परांत ती पुढे कुठेच जोडलेली नसते, आणि मधल्या मालकांनी केलेल्या जोडण्यांत वायरींच्या रंगांवर विश्वास ठेवायचा नसतो. इंजिन बंद, चावी चालू, हातब्रेक ओढलेला, गिअर रिव्हर्समध्ये, असं करून मल्टीमीटरने पिन मोजा. १२ व्होल्टच्या आसपास आकडा आला आणि गिअर काढल्यावर गेला, तर तीच ती.

चालवताना सतत हवं असेल तर चावीबरोबर चालू-बंद होणारी वीज ट्रकमधून घ्या. तिसरी जागा म्हणजे कॅम्परची घरगुती बॅटरी. ती सोपी आहे, कारण ती मागेच असते, पण मध्ये बटण हवंच. असा कॅमेरा साधारण २ ते ३ वॉट खातो, म्हणजे १२ व्होल्टला ०.२ अँपिअर. विसरून चालू राहिला तर दिवसाला सुमारे ५ अँपिअर-तास गेले. १०० अँपिअर-तासांच्या लेड-अॅसिड बॅटरीतले निम्मेच वापरावेत, म्हणजे दुसरं काहीही न लावता नुसत्या कॅमेऱ्याने ती दहा दिवसांत निम्मी होते. कॅम्पर अंगणात उभा असताना नेमकं हेच घडतं.

वीज कुठूनही घेतली तरी फ्यूज उगमाजवळ लावा, कॅमेऱ्याजवळ नाही. वायर घासून उघडी पडली तर उगमापासून तिथपर्यंतचा भागच तापतो. कॅमेऱ्याच्या पुस्तिकेत दिलेला फ्यूज घ्या, बहुधा १ ते ३ अँपिअर.

रिव्हर्स दिव्याला जोडला तर चित्र लुकलुकतं. कॅमेरा खराब आहे का?

बहुधा नाही. काही नव्या ट्रकांत दिव्याला सलग वीज जात नाही, वेगवान तुकड्यांत जाते. दिव्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. दिव्याच्या वायरने फक्त रिले, म्हणजे विजेवर चालणारा छोटा स्विच, चालवायचा आणि कॅमेऱ्याला त्या रिलेतून स्वतंत्र, सलग वीज द्यायची. तुकड्यांच्या विजेने रिलेच फडफडायला लागला तर त्याआधी लावायचा छोटा फिल्टर मिळतो.

ट्रक आणि कॅम्परच्या मध्ये केबल कशी जोडायची?

सात पिनांच्या प्लगमधून चित्र जात नाही, त्यात मोकळी पिनच नसते. चित्रासाठी वेगळा, पाणी न शिरणारा, पिळून घट्ट होणारा जोड घ्या आणि तो विजेच्या प्लगशेजारीच, हौद्याच्या पुढच्या बाजूला ठेवा. दोन्ही एकाच जागी असले की कॅम्पर उतरवताना एक विसरत नाही. विसरलात तर ट्रक पुढे निघताना केबल मुळासकट निघते.

कॅम्पर कितीही आवळून बांधला तरी ट्रकच्या तुलनेत थोडा हलतो. तिथे केबलला हातभर सैल सोडा, पण लोंबू देऊ नका. स्प्रिंगसारखी वळणदार केबल इथे उत्तम.

पडदा आला पण काळा आहे, किंवा चित्र वर-खाली पळतं.

कॅमेरा आणि पडदा एकाच पद्धतीचे आहेत का ते बघा. साधा अॅनालॉग आणि एएचडी (जास्त स्पष्ट चित्राचा) या चित्र पाठवायच्या वेगळ्या पद्धती आहेत, आणि अॅनालॉगमध्येही एनटीएससी (अमेरिकेतला) आणि पाल (भारतातला) असे दोन प्रकार आहेत. जोड सारखाच दिसतो म्हणून एकमेकांना चालेल असं नाही. एका संचातले दोन्ही घेतले की हा प्रश्नच येत नाही. कच्च्या रस्त्यानंतर चित्र गेलं असेल तर मात्र आधी सगळे जोड हाताने पिळून बघा. आमचं नऊदा तरी तेच निघालं आहे.

डावं-उजवं उलट दिसतं.

मागच्या कॅमेऱ्याचं चित्र आरशासारखं हवं. कॅमेऱ्याच्या केबलवरचं वायरचं छोटं वेटोळं कापून किंवा पडद्याच्या सेटिंगमधून ते बदलतं. चाचणीला एक माणूस ड्रायव्हरच्या बाजूला मागे उभा करा. तो पडद्यावरही त्याच बाजूला दिसला पाहिजे.

पडद्यावरच्या हिरव्या-पिवळ्या-लाल रेषांवर विश्वास ठेवावा का?

नाही. त्या रेषा कॅमेरा एका ठराविक उंचीवर आहे असं धरून आखलेल्या असतात. कॅमेरा दहा फूट उंचीवर नेल्यावर त्या काहीच्या काही अंतर सांगतात. सेटिंगमधून बंद करा. त्याऐवजी कॅम्परच्या मागे ३, ६ आणि १० फुटांवर बादल्या ठेवून त्या पडद्यावर जिथे येतात तिथे कडेला टेपचे बारीक तुकडे लावा. आमच्याकडे अजून तेच आहेत.

पडदा काचेवर लावला तर चालेल?

राज्याराज्यात नियम वेगळे आहेत. कॅलिफोर्नियात काचेवर वस्तू लावायला ठराविक कोपरेच मोकळे आहेत, आणि ड्रायव्हरला दिसणाऱ्या पडद्यावर करमणूक चालत नाही, पण मागचं दृश्य दाखवणाऱ्या पडद्याला सूट आहे. डॅशबोर्डवर, बाजूच्या आरशाकडे जाणाऱ्या नजरेच्या वाटेत नसलेली जागा शोधा. रात्रीसाठी उजेड कमी करता येणारा पडदाच घ्या.

कॅम्पर चढवताना या कॅमेऱ्याचा उपयोग होतो का?

नाही, तेव्हा तो चुकीच्या टोकाला असतो. ट्रक उलटा कॅम्परखाली घेताना दोन्ही बाजूंना काही इंचच मोकळे असतात. तुमच्या ट्रकच्या केबिनवर, तिसऱ्या ब्रेकदिव्यापाशी हौद्यात बघणारा कॅमेरा असेल तर तो या कामाला सोन्यासारखा आहे. कॅम्परची पुढची भिंत हौद्यात सरकताना दिसते. त्या भिंतीच्या मधोमध आणि हौद्याच्या पुढच्या कडेच्या मधोमध रंगीत टेपची उभी रेघ मारा, आणि दोन रेघा जुळवत मागे या.

भारतात हायलक्स किंवा व्ही-क्रॉससारख्या पिकअपवर असं करायचं असेल तर?

कोन, गळती, फ्यूज, सैल केबल, सगळं तसंच. फक्त मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्राशी विसंगत ठरतील असे बदल वाहनात करता येत नाहीत. कॅमेऱ्याने काही बिघडत नाही, पण हौद्यात कायमचा डबा बसवण्याआधी आरटीओत विचारा.

कॅमेरा लावल्यावर मागे माणूस उभा करायची गरज उरते का?

उरते. उंचावरचा कॅमेरा खाली बघतो, त्याला वरची फांदी दिसत नाही. छतावरचा एसी आणि कोपरे आधी तिलाच लागतात. रात्री इन्फ्रारेड दिवे काही फुटांपर्यंतच पोहोचतात, आणि भिंगावर दव असलं की पडद्यावर नुसता पांढरा धुरळा असतो.

एसटी मागे घेताना कंडक्टर खाली उतरून उभा राहतो, तसं एकाने ड्रायव्हरच्या बाजूच्या आरशात दिसेल असं उभं राहावं. 'येऊ द्या, येऊ द्या' चालेल, पण थांबण्यासाठी एकच शब्द आणि हात वर, हे आधी ठरवा. त्या माणसाने एकदा वर बघावं, एकदा खाली. तो आरशातून दिसेनासा झाला की ड्रायव्हरने थांबायचं, पडद्यावर मागची जागा रिकामी दिसत असली तरी. आमच्याकडे हे काम आता आमची बारा वर्षांची मुलगी करते, आणि तिने हात वर केला की मी विचारत बसत नाही, ब्रेक दाबतो.